जुना सॉलिड-स्टेट प्रॅक्टिस ॲम्प: काय तपासावं, काय दुरुस्त करावं, आवाज कसा काढावा

दहा-पंधरा वॉटचा, सहा किंवा आठ इंची स्पीकरचा, व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) नसलेला, ट्रान्झिस्टरवर चालणारा गिटार ॲम्प बहुतेक वेळा पहिल्या गिटारसोबत घरात येतो. पुढे वादक मोठ्या ॲम्पकडे वळतो किंवा गिटारच सुटते, आणि हा डबा खाटेखाली जातो. म्हणून जुन्या सामानात तो भरपूर मिळतो आणि थोडक्या पैशांत मिळतो. निकाल आधीच सांगतो: घरच्या रियाजासाठी याहून टिकाऊ आणि दुरुस्तीला सोपं दुसरं काही मिळणं कठीण आहे. मात्र तो नीट तपासून घ्यायला हवा, आणि त्याचा आवाज नेमका कुठे अडतो हे ठाऊक हवं.

टिकाऊपणाचं कारण साधं आहे. व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये व्हॉल्व्ह झिजतात, बायस (व्हॉल्व्हचा शांत अवस्थेतला करंट) लावावा लागतो, शेकडो व्होल्टवर कॅपॅसिटर तापत राहतात. इथे त्यातलं काहीच नाही. ट्रान्झिस्टर आणि चिप नीट थंड राहिल्या तर वीस-तीस वर्षं सहज चालतात. बिघडतं ते माणसाच्या हाताखाली येणारं: जॅक, पॉट (नॉबमागचा फिरता रेझिस्टर), स्विच. त्याखालोखाल स्पीकरचा कागद. हा एक हिशेब डोक्यात पक्का बसला की ‘बंद पडलेला’ म्हणून बाजूला टाकलेला ॲम्पही घाबरवत नाही.

आत काय असतं

मागची फळी काढली की सगळा कारभार एका नजरेत येतो. एक ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, दोन मोठे कॅपॅसिटर (बरेचदा २२०० मायक्रोफॅरड, २५ किंवा ३५ व्होल्टचे), आठ पायांच्या दोन-तीन छोट्या चिप आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेली एक पॉवर चिप. छोट्या चिप बहुधा ४५५८ किंवा टीएल०७२ जातीच्या ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणाऱ्या चिप) असतात. पॉवर चिप म्हणून टीडीए२०३० खूप ठिकाणी दिसते. तिला पाच पाय असतात, आणि ±१४ व्होल्टच्या सप्लायवर ४ ओहमच्या स्पीकरला ती साधारण १४ वॉट देते. ‘१५ वॉट’ असं लिहिलेल्या कितीतरी ॲम्पचं मूळ इथेच आहे. या चिपमध्ये शॉर्ट सर्किट आणि अतितापापासून बचाव आतच केलेला असतो. त्यामुळे आवाज मधूनच जाऊन दहा मिनिटांनी परत येत असेल, तर चिप मेली असं लगेच समजू नका. ती तापली असेल, किंवा पत्र्याला आवळणारा स्क्रू सैल झाला असेल.

ड्राइव्ह चॅनेलचा (मुद्दाम फाटका आवाज काढणाऱ्या बाजूचा) करकरीतपणा डायोडच्या जोडीतून येतो. सिलिकॉन डायोड ०.६ व्होल्टच्या आसपास सिग्नल छाटतात, लाल एलईडी लावले असतील तर साधारण १.७ व्होल्टला. एलईडीवाला ड्राइव्ह म्हणून जरा मोकळा वाटतो. पॉवर चिप स्वतः छाटू लागली की जो आवाज येतो तो मात्र कुणालाच आवडत नाही. व्हॉल्व्ह ॲम्प शेवटपर्यंत उघडला की खुलतो, हा उघडला की फाटतो. म्हणून ड्राइव्ह गेनच्या नॉबने (सुरुवातीलाच सिग्नल वाढवणाऱ्या) काढायचा आणि मास्टर व्हॉल्यूमला थोडी जागा ठेवायची.

कोणता घ्यावा हे विचाराल तर व्हॉक्स पाथफाइंडर १५आर माझ्या यादीत सगळ्यात वर आहे. १५ वॉट, आठ इंची बुलडॉग स्पीकर, खरा स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगांतून येणारी घुमक) आणि वर ट्रेमोलो (आवाजाचा लयबद्ध चढ-उतार). एवढ्याशा डब्यात हे सगळं एकत्र सहसा सापडत नाही. पीव्ही रेज १५८ च्या नावातच त्याची ओळख आहे: १५ वॉट, ८ इंच. फेंडर फ्रंटमन १५जी क्लीन आवाजासाठी घ्यावा. रिव्हर्ब हवा असेल तर त्याचाच १५आर शोधावा. ऐंशीच्या दशकातला मार्शल लीड १२ मिळाला तर त्याच्या दहा इंची स्पीकरमुळे तो या सगळ्यांपेक्षा भरदार वाटतो. डिजिटल मॉडेलिंग असलेले छोटे ॲम्प मी या गटात धरत नाही. ते वाजतात छान, पण मुख्य बोर्ड गेला की सोल्डरिंग आयर्न घेऊन बसण्यात अर्थ उरत नाही.

घेण्याआधी

स्वतःची गिटार, खात्रीची केबल आणि पाव इंची जॅकचा हेडफोन बरोबर न्या. समोरच्याची केबल वापरली तर खरखर केबलची की ॲम्पची, हा वाद मिटत नाही.

सगळ्यात आधी मागच्या पाटीवरचा व्होल्टेज वाचा. १२० व्होल्टचा ॲम्प २३० वर लावला तर फ्यूज उडेल, किंवा ट्रान्सफॉर्मरच जाईल. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरवर चालवायचा असेल तर पाटीवर जेवढे वॉट लिहिलेत त्याच्या किमान दुप्पट क्षमतेचा घ्या. मग प्लग पाहा. तीन पिनांपैकी अर्थची पिन कापलेली असेल तर वायर बदलल्याशिवाय तो ॲम्प वाजवू नका. गिटारच्या तारा केबलच्या जाळीमार्गे ॲम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. पत्र्यावर करंट उतरला तर तो सरळ बोटांत येतो. मल्टीमीटर असेल तर अर्थची पिन आणि चॅसिसचा (ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याचा) उघडा स्क्रू यांच्यात मोजा. एक ओहमपेक्षा कमी यायला हवं.

आता काही न जोडता, सगळे नॉब शून्यावर ठेवून ॲम्प सुरू करा आणि नजर स्पीकरच्या कोनवर ठेवा. हलका ‘धप्’ होऊन कोन जागेवर आला तर ठीक. कोन पुढे किंवा मागे सरकून तिथेच थांबला, तर स्पीकरवर डीसी (एकाच दिशेची वीज) येतंय, म्हणजे पॉवर चिप गेली आहे. तेव्हा लगेच बंद करा, नाहीतर मिनिटभरात व्हॉइस कॉइलही (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) जळेल.

व्हॉल्यूम शून्यावर असतानाही खालच्या पट्टीतली जाड घुं-घुं ऐकू येत असेल, तर ते फिल्टर कॅपॅसिटर (आतले ते दोन मोठे) म्हातारे झाल्याचं लक्षण. ही घुं-घुं मेन्सच्या दुप्पट असते: ५० हर्ट्झच्या विजेवर १०० हर्ट्झ, ६० च्या विजेवर १२०. याउलट व्हॉल्यूमबरोबर वाढणारी आणि गिटार घेऊन जागेवर फिरलं की कमी-जास्त होणारी घुरघुर ही गिटारच्या सिंगल-कॉइल पिकअपची आहे. त्यात ॲम्पचा दोष नाही.

यानंतर प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, प्रत्येक स्विच दाबा, इनपुटमधला प्लग हलकेच वर-खाली करा, डब्यावर मुठीने थापटी मारा. रिव्हर्ब असेल तर थापटीला स्प्रिंगांचा ‘झण्ण’ आवाज आला पाहिजे. हेडफोन लावा आणि काढा. काढल्यावर स्पीकर तत्काळ परत बोलला पाहिजे. शेवटी वीस मिनिटं सलग वाजवा. थंड असताना बरा आणि तापल्यावर तुटक वाजणारा ॲम्प घेऊन काही बिघडत नाही, फक्त किंमत त्या हिशेबाने ठरवा. जळकट वास येत असेल तर मात्र सोडून द्या.

बिघाड आणि त्यांची मुळं

डबा उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढा आणि पाच मिनिटं थांबा. आतला डीसी सप्लाय साधारण ±१४ ते ±२५ व्होल्टच असतो, पण स्विच, फ्यूज आणि ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सकडच्या टोकांवर घरची पूर्ण वीज असते. प्लग लावून काही मोजायचं असेल तर एक हात मागे ठेवूनच मोजा. ही सवय नसेल तर मोजण्याचं काम जाणकाराकडे द्या. सफाई आणि सोल्डर प्लग काढूनच होतात.

सगळ्यात जास्त फसवणारा दोष हेडफोन जॅकमध्ये असतो. या जॅकच्या आत एक छोटी पत्ती असते: प्लग नसताना ती टेकलेली राहते आणि स्पीकरला सिग्नल देते, प्लग घातला की उचलली जाते. वर्षानुवर्षं वापर नसेल तर तिथे ऑक्साइडचा थर बसतो. परिणाम: स्पीकर गप्प, किंवा आवाज बारीक नि फाटका, किंवा जोरात तार छेडल्यावरच येणारा. हेडफोनमध्ये आवाज व्यवस्थित येत असेल आणि स्पीकरमधून नाही, तर दहापैकी बऱ्याच वेळा दोष याच पत्तीचा. जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, प्लग वीस-तीस वेळा आत-बाहेर करा. तेवढ्याने जमलं नाही तर क्लीनरने ओला केलेला जाड कागदाचा अरुंद तुकडा पत्तीखालून ओढा. सॅंडपेपर नको, पत्तीवरचा मुलामा निघाला की थर दुप्पट वेगाने बसतो.

इफेक्ट्स लूप (पेडल मध्ये जोडण्यासाठी सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक) असेल तर रिटर्नच्या जॅकमध्येही अशीच पत्ती असते. सेंड आणि रिटर्न एका छोट्या केबलने जोडून पाहा. आवाज परत आला तर दोष सापडला, आणि साफ करेपर्यंत ती केबल तशीच ठेवून वाजवता येतं.

दुसरा नंबर इनपुट जॅकचा. तो प्लॅस्टिकचा असतो आणि थेट सर्किट बोर्डावर सोल्डर केलेला असतो. बाहेरचं नट सैल झालं की केबलला बसणारा प्रत्येक हिसका सोल्डरच्या टाक्यांवर जातो आणि त्यांना गोल भेग पडते. भिंगातून पाहिलं तर पायाभोवती काळी कडी दिसते. तिथे नुसता आयर्न टेकवून जुनं सोल्डर वितळवणं पुरेसं नाही. शोषपंपाने ते काढा, फ्लक्स लावा, नवीन ६०/४० (कथील-शिसे) सोल्डर भरा. मग नट घट्ट करा, कारण मूळ रोग तिथेच आहे. पॉट बोर्डावरच बसवलेले असतील तर त्यांचे टाकेही त्याच वेळी तपासून घ्यावेत.

खरखरणाऱ्या पॉटला वंगण असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर लागतो. गंज सोडवायचा साधा स्प्रे मारू नका. तो पॉटच्या आतलं वंगण धुऊन नेतो आणि धूळ धरून ठेवतो. पायांच्या वर जी फट दिसते तिच्यात नळी घालून अर्धा सेकंद मारा, नॉब तीस वेळा पूर्ण फिरवा, वाळू द्या. दोनदा साफ करूनही खरखर तशीच राहिली तर पॉटवर डीसी येतंय का ते मोजा. तसं असेल तर त्याच्या आधीचा कपलिंग कॅपॅसिटर (सिग्नल जाऊ देणारा, डीसी अडवणारा) गळतो आहे. तो बदलला की खरखर जाते, पॉट नवा घालण्याची गरज पडत नाही.

आवाज अगदी क्षीण किंवा एका बाजूने दाबल्यासारखा फाटका येत असेल तर ऑप-ॲम्पचा सप्लाय मोजा. ४५५८ किंवा टीएल०७२ च्या ८ नंबरच्या पायावर सुमारे +१५ आणि ४ नंबरवर –१५ व्होल्ट हवेत. हा सप्लाय बहुतेक ॲम्पमध्ये झेनर डायोड (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा) आणि दोन रेझिस्टर लावून तयार केलेला असतो, आणि हे रेझिस्टर सतत तापतात. त्यांच्याखालचा बोर्ड तपकिरी झालेला दिसेल, टाकेही सुटलेले सापडतील. नवे रेझिस्टर बसवताना एक वॉटच्या जागी दोन वॉटचे घ्या आणि बोर्डापासून पाच मिलिमीटर वर उचलून लावा.

फ्यूज उडला असेल तर तितक्याच अँपिअरचा, त्याच जातीचा एकदाच बदला. पाटीवर ‘टी’ लिहिलं असेल तर सावकाश उडणारा. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा कधीच नको. दुसरा फ्यूजही उडाला तर मेन्सच्या एका तारेत, सिरीजमध्ये, ४० किंवा ६० वॉटचा साधा तंतूचा दिवा लावून ॲम्प सुरू करा. दिवा क्षणभर पेटून मंदावला तर शॉर्ट नाही. प्रखर राहिला तर डायोड किंवा पॉवर चिप शॉर्ट आहे. पॉवर चिप बदलताना एक गोष्ट विसरली की नवी चिपही जाते: टीडीए२०३० चा धातूचा पाठभाग आतून ऋण सप्लायला जोडलेला आहे. तिच्या आणि पत्र्याच्या मध्ये अभ्रकाची किंवा सिलिकॉनची चकती, दोन्ही बाजूंना हीटसिंक पेस्ट आणि स्क्रूला प्लॅस्टिकची बाही, हे तिन्ही हवंच. बसवल्यावर पाठभाग आणि चॅसिस यांच्यात मीटरने सलगता येत नाही ना, ते पाहूनच वीज द्या. स्पीकर जोडण्याआधी त्याच्या तारांवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त जोडा.

फिल्टर कॅपॅसिटरसाठी तितकेच मायक्रोफॅरड, तितकाच किंवा जास्त व्होल्ट, १०५ अंश सेल्सिअस सोसणारा प्रकार. ध्रुव उलटे झाले तर फुटतो, एवढं सांभाळायचं. दोन्ही एकदमच बदलावेत.

रिव्हर्ब गेला असेल तर टाकीकडे (स्प्रिंगांच्या पेटीकडे) जाणाऱ्या दोन आरसीए केबल आधी बघा. निम्म्या वेळा एखादी नुसती निघालेली असते. मग टाकीच्या दोन्ही सॉकेटवर ओहम मोजा. अनंत आलं तर आतली केसासारखी तार सॉकेटपाशी तुटली आहे, आणि ती बऱ्याचदा जोडता येते.

स्पीकरची तपासणी हाताने होते. दोन्ही हातांची बोटं कोनवर समान अंतरावर टेकवून हळूच आत दाबा. खरवडल्यासारखं जाणवलं तर कॉइल घासते आहे, स्पीकर बदलावा. फक्त कागद फाटला असेल तर पातळ टिश्यू आणि पाणी घालून सैल केलेला पांढरा गोंद, दोन्ही बाजूंनी. काही ठरावीक सुरांवर होणारी झणझण मात्र स्पीकरच्या माथी लगेच मारू नये. हॅंडल, मागची फळी, जाळी, स्पीकरचे स्क्रू एकेक करून हाताने दाबून पाहा. कुठल्यातरी एका ठिकाणी हात ठेवला की ती थांबते.

आवाज

‘डब्यातून आल्यासारखा’ ही या ॲम्पची कायमची तक्रार. तिच्यात तथ्य आहे, पण बोट चुकीच्या भागाकडे दाखवलं जातं. ट्रान्झिस्टर म्हणजे निर्जीव आवाज हे खरं असतं तर १९७५ पासून बनत आलेला, दोन ६० वॉटचे ॲम्प्लिफायर आणि दोन १२ इंची स्पीकर असलेला रोलंड जेसी-१२० क्लीन आवाजाचा मापदंड झाला नसता. तोही सॉलिड-स्टेटच आहे. छोट्या ॲम्पमध्ये कमी पडतो तो स्पीकर आणि त्याभोवतीचा पातळ, उथळ डबा.

त्यात तो जमिनीवर ठेवला जातो. आठ इंची स्पीकर वरचे सूर झोतासारखे सरळ समोर फेकतो. पायाशी ठेवलेल्या ॲम्पचा झोत घोट्यांवर जातो, वाजवणाऱ्याला आवाज बोथट वाटतो, तो ट्रेबल वाढवतो आणि समोर बसलेल्यांचे कान किटतात. ॲम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता ठेवा, स्पीकर कानाकडे करा. मग ट्रेबल आपोआप चारवर येतो. मागून उघडा डबा असेल तर भिंतीपासून फूटभर अंतर राहू द्या. कोपऱ्यात बेस फुगतो.

सुरुवातीला बेस ४, मिड ७, ट्रेबल ४, क्लीन चॅनेल. मिडचा नॉब नसेल तर बेस आणि ट्रेबल दोन्ही उतरवून व्हॉल्यूम चढवा, परिणाम जवळपास तोच. ड्राइव्ह चॅनेलचा गेन ३-४ च्या पुढे नेला की तारांचे वेगळे सूर एकमेकांत मिसळतात आणि भुसभुशीत फेस उरतो. त्याऐवजी क्लीन चॅनेलपुढे ओव्हरड्राइव्ह पेडल लावा. आयबानेझ टीएस८०८ सारख्या नावाजलेल्या पेडलमध्ये जी जेआरसी ४५५८ बसते तीच चिप यातल्या अनेक ॲम्पच्या बोर्डावर आहे. फरक तिच्या भोवतीच्या फिल्टरमध्ये आहे.

व्हॉल्यूम नॉब २ वर गप्प आणि ३ वर शेजाऱ्यांना ऐकू जाणारा असतो, हा खरोखरचा उणा मुद्दा आहे. गिटारचा व्हॉल्यूम ६-७ वर आणून काम भागतं, लूप असेल तर त्यात व्हॉल्यूम पेडल लावून त्याहून चांगलं. वॉटच्या आकड्याने बिचकू नका. शक्ती दुप्पट केली तर फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणजे १५ आणि १०० वॉटमधलं अंतर आठ डेसिबलच्या आसपास. खोलीसाठी १५ जास्तच आहेत. ढोलवादकासोबत मात्र पुरत नाहीत.

हेडफोनमध्ये ड्राइव्ह चॅनेल माश्या घोंगावल्यासारखा वाटतो, कारण गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गाळून टाकतो आणि हेडफोन गाळत नाही. बहुतेक जुन्या ॲम्पमध्ये त्यासाठी वेगळा फिल्टर नसतो. क्लीन वाजवा किंवा गिटारचा टोन नॉब अर्ध्यावर आणा.

पैसे घालायचेच तर स्पीकरमध्ये घाला. जुन्यावर ८ ओहम लिहिलं असेल तर मीटर ६-७ दाखवतो, ४ वर साधारण ३-३.५. नवा त्याच ओहमचा घ्या. जास्त ओहम चालतात, आवाज थोडा कमी होतो. कमी ओहम घातले तर चिप तापते. आठ इंचात सेलेस्टियन एट १५ किंवा जेन्सन मॉड ८-२० बसतात, मात्र चुंबकाची खोली मोजून घ्या, नाहीतर तो चॅसिसला टेकतो.

त्याहून मोठा फरक बाहेरच्या १२ इंची कॅबिनेटने पडतो. तोच पंधरा वॉटचा ॲम्प ओळखू येत नाही. स्पीकरच्या चपट्या टोकांवरच्या क्लिपा ओढून काढा आणि त्या तारांना पाव इंची जॅक लावा. जॅक प्लॅस्टिकचा घ्या आणि मागच्या लाकडी फळीत बसवा. या ॲम्पपैकी अनेकांत स्पीकरची ऋण तार थेट चॅसिसला जात नाही. ती ०.१ ते ०.४७ ओहमच्या एका रेझिस्टरमधून जाते आणि फीडबॅक तिथून घेतलेला असतो. धातूचा जॅक चॅसिसला टेकला की तो रेझिस्टर बाद होतो आणि ॲम्पचा स्वभावच बदलतो. कॅबिनेटपर्यंतची तार साधी दोन पदरी स्पीकरची हवी, गिटारची जाळीवाली केबल नको.